वाचकांचे प्रश्न : गावच्या हायस्कूलचा इतिहास लिहिताना

प्रश्न : आमच्या हायस्कूलच्या फलकावर स्थापना 1926, संस्थेच्या नोंदणी दाखल्यावर 1953 आणि यूडायसच्या (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीच्या) माहितीत 1949 असे वर्ष आहे. शताब्दी कोणत्या वर्षी धरायची?

उत्तर : तिन्ही वर्षे खरी असू शकतात, कारण ती तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. 1953 चे कोडे सोपे आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 साली झाला आणि त्यानंतर जुन्या संस्थांनीही धर्मादाय कार्यालयात नोंदणी करून घेतली. त्या दाखल्यावर नोंदणीची तारीख असते, शाळेच्या पहिल्या घंटेची नव्हे. 1949 हे एस.एस.सी.च्या पहिल्या परीक्षेचे वर्ष. तुमची पहिली एस.एस.सी. तुकडी त्याच साली बसली असेल, तर कोणीतरी तेच साल स्थापनावर्ष म्हणून भरले असण्याचा संभव आहे. यूडायसचा रकाना शाळेनेच भरलेला असतो, त्यामुळे तो पुरावा म्हणून वापरू नका.

खरा पुरावा जनरल रजिस्टरच्या, म्हणजे मुलांच्या दाखल-नोंदवहीच्या, पहिल्या खंडात मिळेल. हे कायम जतन करायचे दप्तर असल्यामुळे बाकीचे सगळे गेले तरी ते सहसा सापडते. पहिले पान उघडून फक्त तीन रकाने पाहा : अनुक्रम, दाखल तारीख आणि पूर्वीची शाळा. पहिली वीस-तीस मुले एकाच दिवशी, दोन-तीन वेगवेगळ्या इयत्तांत दाखल झाली असतील, तर शाळा त्या दिवशी सुरू झाली असे धरायला हरकत नाही. अनुक्रम 1 ऐवजी 212 पासून सुरू होत असेल, तर आधीचा खंड हरवला आहे किंवा नगरपालिकेची ए.व्ही. (अँग्लो-व्हर्नाक्युलर, म्हणजे इंग्रजी व मराठी शिकवणारी) शाळा संस्थेने चालवायला घेतली आहे. अशा वेळी नगरपालिकेचे ठराव आणि संस्थेचे प्रोसिडिंग बुक (सभांचे इतिवृत्त) यांत हस्तांतराचा ठराव शोधा.

इयत्तांचा हिशेबही करून पाहा. जुन्या पद्धतीत मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली ते सातवी असे वर्ग होते आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. इंग्रजी इयत्तेत चार मिळवले की आजची इयत्ता येते. इंग्रजी पाचवी म्हणजे नववी. शाळा 1926 साली फक्त इंग्रजी पहिलीने सुरू होऊन दरवर्षी एकेक वर्ग वाढला असेल, तर ती मुले 1932-33 मध्ये मॅट्रिकच्या वर्गात पोचतात. स्मरणिकेत पहिली मॅट्रिक तुकडी 1929 ची छापली असेल, तर वरचे वर्ग दुसऱ्या शाळेतून आले किंवा साल चुकले. 1975 साली दहावीची एस.एस.सी. सुरू झाली. त्याआधीच्या माजी विद्यार्थ्यांना ‘दहावी पास’ लिहू नका, ते अकरावीचे एस.एस.सी. आहेत.

शताब्दीसाठी आम्ही पहिला वर्ग भरल्याचे वर्ष धरू. मात्र पहिला वर्ग, सरकारी मान्यता, पहिली मॅट्रिक तुकडी आणि संस्थेची नोंदणी या चारही तारखा स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर छापा. एक ठेवून बाकीच्या दडपल्या की पुढच्या पिढीत पुन्हा हाच घोळ सुरू होतो.

प्रश्न : आमचे गाव मराठवाड्यातले. 1948 पूर्वीची शाळेची कागदपत्रे उर्दूत आहेत आणि साल 1350 असे दिसते. हे हिजरी आहे का?

उत्तर : बहुधा फसली. निजामी राजवटीत सरकारी कामकाजात फसली साल चाले आणि ते साधारण 6 ऑक्टोबरला आजूर महिन्याने सुरू होई. आजूर, दय आणि बहमनचा डिसेंबरात येणारा भाग असेल तर इसवी सन काढण्यासाठी सालात 590 मिळवा, तिथून पुढे 591. पुढचे महिने इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. अमरदाद 1350 म्हणजे 1941 चा जून, तर आजूर 1350 म्हणजे 1940 चा ऑक्टोबर. एकाच फसली सालात इंग्रजी दोन साले येतात, म्हणून महिना न पाहता वर्ष काढले की हमखास एक वर्षाची चूक होते. हिजरी महिने (मोहरम, सफर, रज्जब) दिसले, तर मात्र हा हिशेब चालणार नाही.

अंक वाचतानाही जपा. उर्दू सात वर उघडा असतो आणि आठ खाली उघडा. शून्य हा नुसता ठिपका असल्याने शाई उडाली की नाहीसा होतो, आणि पाचाचा लहानसा गोल आपल्याला शून्य वाटतो. ‘फोकानिया’ हा शब्द आला तर ते हायस्कूल, ‘वस्तानिया’ म्हणजे मिडल स्कूल. उर्दू जाणणाऱ्या माणसाला समोर बसवून वाचून घ्या, फोटो पाठवून काम भागत नाही.

प्रश्न : जुन्या कीर्दीत (जमाखर्चाच्या वहीत) फी ‘3-8-0’ अशी आहे. ही तारीख की रक्कम?

उत्तर : रक्कम : रुपये, आणे, पै. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून हे साडेतीन रुपये झाले, 3.80 लिहू नका. 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले. शेजारी ‘नादार’ असा शेरा असेल तर त्या मुलाला फी माफ होती. नादारांची वर्षवार संख्या जरूर मोजा. शाळा कोणासाठी चालली होती हे भाषणांपेक्षा त्यातून नीट कळते.

प्रश्न : रजिस्टरची पाने तुटत आहेत. लॅमिनेशन करावे का?

उत्तर : अजिबात नको. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही कागदाचा कायमचा नाश करतात. टेपचा डिंक पिवळा पडून शाईत उतरतो. मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेरच्या बाजूला धूळ काढा. फाटलेली पाने जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जोडतात, पण शाई पाण्याने फुटते का हे कोपऱ्यात आधी पाहावे लागते, म्हणून ते काम जाणकाराकडेच द्या. आधी फोटो काढा : खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय, फोन पानाला समांतर धरून. एकाने पान उलटावे, दुसऱ्याने फोटो काढावा. कोरी पानेही घ्या, नाहीतर पान गाळले की कोरे होते हे नंतर सांगता येत नाही. रजिस्टर जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकून ठेवू नका. वाळवी तिथूनच चढते.

जातीच्या दाखल्यासाठी 1967 पूर्वीच्या नोंदींची मागणी फार असते, आणि तीच पाने सर्वांत जास्त झिजतात. अर्जदारांना फोटोवरून नोंद शोधून द्या आणि मूळ पान फक्त प्रमाणित करताना उघडा. स्मरणिकेत मुलांची जात, जन्मतारीख किंवा ‘शाळा सोडल्याचे कारण’ नावानिशी छापू नका. एकूण संख्या द्या, तेवढी पुरते.

प्रश्न : माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आणि हस्तलिखिते यांवर किती विसंबावे?

उत्तर : साल-तारखेसाठी कमी, रोजच्या जगण्यासाठी भरपूर. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी 1924 ते 1930 शिकवत होते आणि छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ काढत होते. अशी दैनिके, भित्तिपत्रके, वह्या तुमच्याकडेही कुणाच्या माळ्यावर असतील. बक्षीस समारंभाच्या पत्रिकांसह मागवा. मुलाखतीत ‘शाळा कशी होती’ असे विचारले तर गोड उत्तर मिळते. त्याऐवजी विचारा : तुमचा वर्ग कोणत्या खोलीत भरायचा, पाणी कुठून यायचे, मुली कोणत्या बाकांवर बसत, शाळा का सोडली. मग ते साल आणि इयत्ता रजिस्टरशी ताडा. डिप्टींच्या (शाळा तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या) शेरेबुकात त्या वर्षीचा पट आणि इमारतीची अवस्था लिहिलेली असते, तीही शेजारी ठेवा. जुन्या वर्गफोटोंच्या मागे नावे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यांवर उमटतो.