नवरा फौजेत, मग नोकरीचं काय?

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. बी.एस्सी. (केमिस्ट्री) झालंय, बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार महिन्यांपूर्वी लग्न झालं. मिस्टर आर्मीत नाईक आहेत, सध्या फील्डला, म्हणजे जिथे कुटुंब नेता येत नाही. पुढच्या वर्षी पीस स्टेशन, म्हणजे कुटुंबासह राहता येईल अशी जागा, मिळेल म्हणतात. सासूबाई म्हणतात, दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलणार, मग नोकरीच्या मागे कशाला लागायचं? मला घरी बसायचं नाही. बी.एड. पुरं करू, बँकेच्या परीक्षा देऊ की झेडपीच्या भरतीची वाट पाहू?

उत्तर : बी.एड. पुरं करा. सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणूनच नोकरी निवडताना पगाराच्या आधी एक गोष्ट बघा : राज्य बदललं तर ही परीक्षा, हा अनुभव तिथे चालेल का?

या कसोटीवर झेडपी मागे पडते, कारण तो शिक्षक जिल्ह्याच्या केडरचा असतो, म्हणजे त्याची नेमणूक त्या जिल्ह्यापुरतीच. बँकेत क्लार्कची भरती राज्यनिहाय होते, तिथून परराज्यात बदली मिळवणं जिकिरीचं. पीओची (प्रोबेशनरी ऑफिसरची) बदली देशभर होते खरी, पण बँक तुम्हाला एकीकडे पाठवणार आणि फौज त्यांना दुसरीकडे. पती-पत्नीला एकत्र ठेवण्याचं धोरण असलं तरी जागा रिकामी असेल तरच ते उपयोगाला येतं. शिक्षिकेचं तसं नाही. बहुतेक मोठ्या छावण्यांत आर्मी पब्लिक स्कूल किंवा केंद्रीय विद्यालय असतं, कुठे कुठे दोन्ही.

त्यासाठी सीटीईटी, म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, द्या. महाराष्ट्राची टीईटी राज्यातल्या शाळांसाठी. राजस्थान किंवा आसामात तिच्यावर विसंबू नका. दोन्हींची तयारी झेपत नसेल तर सीटीईटीच धरा. बी.एड. चालू असतानाही ती देता येते आणि प्रमाणपत्र आता आजन्म वैध आहे. तुम्हाला पेपर २ लागेल, म्हणजे सहावी ते आठवीचा : १५० प्रश्न, अडीच तास, खुल्या गटाला पास व्हायला ९० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. मराठी माध्यमाच्या मुली इथे एका ठिकाणी हमखास अडकतात. भाषेच्या विभागात मराठी घेता येते, पण गणित-विज्ञानाचे ६० आणि बालमानसशास्त्राचे ३० प्रश्न हिंदी-इंग्रजीतच येतात. आम्ल, संयुजा, अपवर्तन हे शब्द पाठ असून भागत नाही. आतापासून सहावी ते दहावीची एनसीईआरटीची इंग्रजी पुस्तकं वाचा. पुढे वर्गात शिकवायचंही इंग्रजीतच आहे.

आर्मी पब्लिक स्कूल चालवणारी संस्था, आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी, स्वतःची ऑनलाइन स्क्रीनिंग टेस्ट घेते. त्यानंतर मुलाखत आणि वर्गात पाठ घेऊन दाखवणं. टीजीटी, म्हणजे सहावी ते दहावीला शिकवणाऱ्या पदवीधर शिक्षकाच्या पदासाठी, पदवी आणि बी.एड. दोन्हींत ५० टक्के लागतात, तेव्हा शेवटच्या सेमिस्टरला ढील देऊ नका. जाहिरातीतली विषयांची अट मात्र शब्दन् शब्द वाचा. केंद्रीय विद्यालयात सायन्सच्या टीजीटीला केमिस्ट्रीसोबत बॉटनी-झूऑलॉजी लागतं. तुमच्या पदवीला गणित असेल तर मॅथ्सच्या जागा बघा.

सध्याचं मिस्टरांचं फील्ड पोस्टिंग तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. तिथे कुटुंब नेता येत नाही, म्हणजे अभ्यासाला सलग वेळ मिळतो. दुसऱ्या वर्षाची इंटर्नशिप १६ आठवड्यांची असते आणि तिला ९० टक्के हजेरी लागते. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल रजा असते. ती नेमकी इंटर्नशिपच्या मध्ये आली की मुली दांड्या मारतात आणि वर्ष अडकतं. तारखा आत्ताच त्यांना कळवा. रजा युनिटच्या सोयीने मिळते, हे खरंच. पण आधी मागितली तर जुळण्याची शक्यता तरी राहते.

आता कागद. लग्नाची नोंद युनिटमध्ये ‘पार्ट टू ऑर्डर’ने, म्हणजे जवानाच्या वैयक्तिक नोंदींच्या लेखी आदेशाने होते. ती निघेपर्यंत फौजेच्या लेखी तुम्ही पत्नी नाहीच : डिपेंडंट कार्ड नाही, मिलिटरी हॉस्पिटल नाही, क्वार्टरसाठी नंबर नाही. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून विवाह नोंदणीचा दाखला घ्या आणि तो आधारची प्रत व जोडीच्या फोटोसह त्यांच्याकडे द्या. नावाचं स्पेलिंग डिग्री, आधार आणि पार्ट टू ऑर्डर या तिन्हीकडे एकच हवं. लग्नात नाव बदललं असेल तर ते घरात हाक मारण्यापुरतं ठेवा. डिग्रीवर एक, आधारवर दुसरं, पार्ट टू ऑर्डरमध्ये तिसरं, असं झालं की दुरुस्तीला महिने जातात आणि नोकरीचा फॉर्मही अडतो.

पीस स्टेशनला गेलात की लगेच क्वार्टर मिळेलच असं नाही. सीनिऑरिटीची वेटिंग लिस्ट असते आणि बाहेर भाड्याने राहायचं तर परवानगी लागते. म्हणून ते जॉइन झाल्यावर नंबर कधी लागेल ते विचारा आणि तोवर गावाकडे नोकरी धरली असेल तर ती मगच सोडा. सोडताना लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्या : इयत्ता, विषय, कधीपासून कधीपर्यंत. वर्षभराने फोनवरून तो मागवणं म्हणजे डोकेदुखी. पीएफ असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) तोच चालू ठेवा, प्रत्येक बदलीला पैसे काढू नका. पीएफच्या पेन्शनला १० वर्षांची सेवा भरावी लागते आणि तुकड्यातुकड्यांची नोकरीही त्यात धरली जाते.

क्वार्टरमधून ऑनलाइन शिकवण्या घेतल्यात तर कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे ठेवा. युनिटचं नाव, ठिकाण, त्यांच्या येण्याजाण्याच्या तारखा पालकांच्या ग्रुपवर नकोत.

आणि जम्मू-काश्मीरला पोस्टिंग निघालं तर जाण्यापूर्वी सिम पोस्टपेड करून घ्या. महाराष्ट्रातलं प्रीपेड तिथे चालत नाही, आणि सीटीईटीच्या फॉर्मचा ओटीपी त्याच नंबरवर येणार असतो.