सीग्राम बिल्डिंगची दर्शनी काच न बदलता वीज वाचेल का?

तुम्ही विचारलंय, की न्यूयॉर्कच्या सीग्राम बिल्डिंगला १९८९पासून वारसा दर्जा आहे, तिचं बाहेरचं रूप परवानगीशिवाय बदलता येत नाही. मग तिथे ऊर्जाबचतीच्या गप्पा कशाला? माझ्या मते अशाच इमारतींवर डोकं लावायला हवं.

वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहची ही ३८ मजली इमारत १९५८ची. फरशीपासून छतापर्यंत काच आणि बाहेरून ब्राँझच्या उभ्या पट्ट्या. दर्शनी भाग एकसारखा दिसावा म्हणून पडदे तीनच स्थितींत थांबतात: उघडे, अर्धे, बंद. पण पडदा काचेच्या आत आहे. ऊन आत शिरल्यावर ते अडवून काय उपयोग? बरीचशी उष्णता खोलीतच राहते आणि ती उपसायला वातानुकूलन राबतं. शहराच्या कायद्यानुसार २०१२मध्ये एनर्जी स्टारचे (इमारत ऊर्जा किती काटकसरीनं वापरते याचे; जास्त गुण म्हणजे चांगलं) गुण जाहीर झाले, तेव्हा सीग्रामला १००पैकी ३ मिळाले.

जवळच्याच लिव्हर हाउस या काचेच्या इमारतीला २०. तिथे पाणी शिरून पोलादी चौकटी गंजल्या होत्या, काचा तडकत होत्या, म्हणून २००१पर्यंत सगळी दर्शनी काच नवी बसवली होती. तरीही २०! त्यामुळे ‘काच बदलली की काम झालं’ हे मला पटत नाही.

त्याच यादीत १९३१च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला ८० गुण होते. तीही वारसा इमारत. तिथे ६,५१४ खिडक्यांच्या काचा काढून पाचव्या मजल्यावरच्या कार्यशाळेत नेल्या, जुन्याच दोन काचांमध्ये पातळ फिल्म आणि निष्क्रिय वायू भरला आणि परत बसवल्या. रेडिएटरच्या मागे उष्णतारोधक थर दिला, दिवे सुधारले. वातानुकूलनावरचा भार एवढा उतरला, की मोठे चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारी यंत्रं) घ्यावेच लागले नाहीत. जुन्या चिलरचेच सांगाडे ठेवून डागडुजी झाली. मला या कामातला हा क्रम फार मोलाचा वाटतो: आधी भार, मग यंत्रं.

सीग्रामसारख्या ठिकाणी आतून दुसरा काचेचा थर देता येतो, फटी बुजवता येतात, खिडकीलगतचे दिवे उजेडानुसार मंद करता येतात, पंखे-पंपांना गरजेनुसार वेग कमी-जास्त करणारी उपकरणं (व्हीएफडी) लावता येतात. काचेवर चिकटवायच्या, ऊन अडवणाऱ्या फिल्मच्या बाबतीत मात्र घाई नको. सीग्रामची रंगीत काच आधीच ऊन शोषते. वर चुकीची फिल्म चिकटवली तर ती जास्त तापून तडकू शकते. आधी एका खोलीत लावून उन्हाळा जाऊ द्या, काचेचं तापमान मोजा. आणि चिलरचं कोटेशन मागवायचं ते नवा भार काढल्यानंतरच.