फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी आठवडाभर सायकल चालवायची आहे. कोणती सायकल घ्यावी आणि रोज किती किलोमीटर धरावेत?

प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय, "नव्हेरकडून समुद्राकडे, नदीच्या प्रवाहाबरोबर जाणार, त्यामुळे उतारच उतार, रोज १०० किलोमीटर आरामात होतील", ते वाचून उत्तर लिहायला बसले. आमच्या पुण्यातल्या सायकल ग्रुपवर हेच वाक्य दरवर्षी कुणीतरी लिहितं, त्याला अंगठे मिळतात आणि माझा त्यावरून एका ज्येष्ठ सदस्यांशी वाद होतो. व्हिसा, विमा, विमानासाठी सायकल बांधणं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते.

सायकलचं आधी उरकते. कार्बनची रोडबाइक आणि २५ मिलिमीटरचे टायर घरी ठेवा. ल्वारकाठचा मार्ग काही ठिकाणी डांबरी आहे, काही ठिकाणी दाबून बसवलेल्या वाळू-खडीचा. ही खडी कोरडी असताना छान पळते. पाऊस पडला की तिचा पांढरा राडा साखळीत आणि ब्रेकमध्ये जाऊन बसतो. टायर ३५ ते ४० मिलिमीटरचे हवेत. सामानासह मागच्या चाकात ६० पीएसआयच्या आसपास हवा, पुढच्यात ५०. यापेक्षा कडक भरली तर खडीवर मनगटं दुखतात, आणि बोजा मागे असल्यामुळे मागच्या चाकाचे साखळीकडच्या बाजूचे स्पोक तुटतात. म्हणून दोन स्पोक त्याच मापाचे बरोबर ठेवा आणि जड सामान पॅनियरच्या (कॅरिअरला दोन्ही बाजूंना लावायच्या पिशव्यांच्या) तळाशी, चाकाच्या आसाजवळ भरा. राड्यातून गेलात तर त्याच संध्याकाळी साखळी पुसून तेल द्या. भाड्याने घेणार असाल तर दुकानाच्या दारातच ब्रेक दाबून बघा. तिथे डावा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो, आपल्या सवयीच्या उलट. रस्त्याच्या उजवीकडून चालायची सवय अर्ध्या दिवसात होते. ब्रेकचं मात्र घाईत विसरायला होतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

आता उताराचं. ओर्लेआंपासून तूरपर्यंत नदी सुमारे १२० किलोमीटर वाहते आणि एवढ्या अंतरात ती उतरते ४५ मीटरच्या आसपास. म्हणजे किलोमीटरला ४० सेंटिमीटरही नाही. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०५ किलो धरा. एवढ्या उतारावर पुढे ढकलणारा जोर होतो जेमतेम ४० ग्रॅम वजनाइतका. दिवसभर चालवलं तरी हा उतार पायांना कळत नाही.

वारा कळतो. ल्वारच्या खोऱ्यात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, अटलांटिककडून येतो. ताशी १६ किलोमीटरने पॅनियर लावून सरळ बसून चालवताना शांत हवेचा अडथळा असतो साधारण पाऊण किलोच्या जोराइतका. समोरून अंगावर १५ किलोमीटरचा वारा आला की हाच अडथळा पावणेतीन किलोच्या आसपास जातो, कारण अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि हवा आता तुमच्यावर ३१ च्या वेगाने येतेय. जास्तीचा जोर दोन किलोंचा. उताराने दिलं होतं त्याच्या पन्नास पट वाऱ्याने काढून घेतलं. तोच वारा पाठीमागून असेल तर हवेचा अडथळा जवळपास शून्यावर येतो. नदीच्या प्रवाहाची दिशा बघून मार्ग ठरवणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. हवामानाच्या अंदाजात दाखवतात तो वारा १० मीटर उंचीवरचा असतो, अंगाला लागतो तो त्याहून कमी. तेव्हा अंदाजात २० ते २५ दिसला की अंगावर १५ च्या आसपास धरा.

आणि तिथला वारा कुठे लागतो तेही बघा. नदीच्या दोन्ही काठांना मातीचे बांध आहेत. त्यांची सुरुवात १२व्या शतकातली, पुढच्या शतकांत ते उंच आणि सलग होत गेले. १८४६, १८५६ आणि १८६६ या तीन महापुरांनी ते ठिकठिकाणी फोडले. काठच्या गावांत घरांच्या भिंतींवर या पुरांच्या पाण्याच्या रेघा वर्षासकट कोरलेल्या दिसतात, त्या शोधत जा. मार्ग बराचसा याच बांधांवरून जातो. बांध आजूबाजूच्या शेतांपेक्षा पाच-सात मीटर उंच. मुळांनी माती पोखरू नये म्हणून वर झाडं वाढू देत नाहीत. त्यामुळे समोरच्या वाऱ्यात आडोसा मिळतच नाही, आणि पुढचं गाव तासभर नुसतं दिसत राहतं.

सपाट म्हणजे सोपं, हा ग्रुपवरचा दुसरा समज. घाट चढणाऱ्यांना तर ते पक्कंच वाटतं. खंबाटकी किंवा पसरणी चढून गेल्यावर उतारावर पाय थांबतात, माणूस खोगिरावरून उठतो, हात सैल होतात. ल्वारकाठी पॅडल थांबतच नाही. एकाच बैठकीत, एकाच पकडीत चार-चार तास जातात, मग करंगळ्या बधिर होतात आणि खोगिरावर बसवत नाही. उपाय साधा आहे: दर दहा मिनिटांनी उभं राहून वीसेक पॅडल मारा, हाताची जागा बदला, गिअर एक घर हलका ठेवून मिनिटाला ८० च्या आसपास फेरे ठेवा. जड गिअर दाबत बसलात तर तिसऱ्या दिवशी गुडघे बोलतील.

म्हणून माझं मत: आठवडा असेल तर आंजे ते ओर्लेआं, पश्चिमेकडून पूर्वेकडे, सुमारे ३०० किलोमीटर. नव्हेरजवळच्या क्युफीपासून समुद्रकाठच्या सॅं-ब्रेव्हॅंपर्यंतचा पूर्ण मार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा आहे, तो आठवड्यात करायचा म्हणजे गावं नुसती मागे टाकत जायचं. युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा म्हणून नोंदवलेला पट्टा स्युली ते शालोन आहे आणि आंजे-ओर्लेआं बहुतेक त्यातच येतं. रोज ५०, फार तर ६० धरा. थांबे धरून ताशी १५ चा वेगसुद्धा तिथे पडत नाही.

रस्ता शांत आहे का? खुणा पाळल्या तर आहे. फोनवरच्या नकाशाला जवळचा रस्ता विचाराल तर तो तुम्हाला उत्तर काठाच्या डी ९५२ वर नेईल. सोम्यूर ते तूरपर्यंत हा रस्ता बांधावरूनच जातो, नदी सुंदर दिसते आणि मोटारी कानाजवळून सुसाट जातात. त्यावर जाऊ नका. सायकलच्या हिरव्या-पांढऱ्या पाट्या तुम्हाला दक्षिण काठाने नेतात. सोम्यूरहून सूझे, त्युर्कां, मोंसोरो, कांद-सॅं-मार्तॅं असं. इथे मार्ग खालचा वाहता रस्ता टाळून पांढऱ्या चुनखडीच्या कड्यावर चढतो, चढ छोटे पण तीव्र आहेत. सूझेमध्ये कड्याच्या पोटात खोदलेली आख्खी गल्ली आहे, त्युर्कांमध्ये गुहांतली घरं. कांदला व्हिएन नदी ल्वारला मिळते. संत मार्तॅं ३९७ साली इथेच वारले, आणि त्यांच्या नावाचं चर्च किल्ल्यासारखं तटबंदीचं आहे. सायकल कुलूप लावून गावामागच्या टेकडीवर पायी जा, संगम तिथूनच नीट दिसतो. पुढे आव्वानला अणुवीज केंद्र लागतं, ते ओलांडलं की युसे, ब्रेएमों, व्हिलांद्री हा बांधावरचा पट्टा. आख्ख्या मार्गातला माझ्या मते सर्वांत सुंदर. तूरनंतर अंब्वाज, शोमों, ब्ल्वा. शांबोरचा राजवाडा नदीवर नाही, चार-पाच किलोमीटर आत जंगलात आहे. त्याच्या आवाराची भिंतच ३२ किलोमीटरची, तेव्हा त्याला अर्धा दिवस वेगळा काढा.

खाण्यापिण्याचं नियोजन किलोमीटरवर नाही, घड्याळावर करा. छोट्या गावांत दुकानं १२ ते २ बंद असतात, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीचशी दिवसभर. हॉटेलांचं स्वयंपाकघर दुपारी २ ला बंद होतं ते संध्याकाळी ७ नंतर उघडतं. साडेबाराला जेवायला बसला नाहीत तर पिशवीत पाव, चीज आणि फळं असलीच पाहिजेत. शाकाहारी असाल तर कीश (अंडं-क्रीम घालून भाजलेली खारी पेस्ट्री) आणि सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे छोटे तुकडे, लार्दों, असतात. "सां लार्दों" म्हणून सांगा. सोम्यूरकडे गुहांमध्ये अळिंबी पिकवतात आणि गरम फुगलेल्या फूए नावाच्या पावात भरून देतात, ते पोटभरीचं. तूरच्या पट्ट्यातलं सॅंत-मोर हे बकरीच्या दुधाचं चीज घ्या, मधोमध गवताची काडी असलेलं. पाण्यासाठी गावाबाहेरच्या दफनभूमीत जा, तिथे बहुतेक ठिकाणी नळ असतो. "नों पोताब्ल" लिहिलेलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

नियम थोडक्यात. कुठलीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, जुन्या गावांत हे सारखं लागतं. कानात इअरफोन चालत नाहीत. रात्री गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं, बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं. नदीत पोहू नका, वाळूच्या बेटांवर चालत जाऊ नका. पाणी उथळ दिसतं, पण पायाखालची वाळू सरकते आणि ओढ जबर असते. वसंतात आणि उन्हाळ्यात त्या बेटांवर कुररी पक्षी अंडी घालतात.

पश्चिमेकडून सुरुवात करायचं आणखी एक कारण रेल्वे. पॅरिसहून आंजेला वेगवान गाडीने जाताना सायकल सुटी करून १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत मावली तर ती सामान म्हणून जाते. भाड्याची घेणार असाल तर तोही प्रश्न नाही. परत येताना मात्र ओर्लेआं ते पॅरिस ऑस्तर्लित्झ हा तासाभराचा प्रवास साध्या गाडीने, जोडलेल्या सायकलीसकट होतो. उन्हाळ्यात काही गाड्यांना सायकलीचं वेगळं आरक्षण लागतं, ते आधी बघा. दमलेल्या शेवटच्या दिवशी फलाटावर सायकल खोलत बसावं लागत नाही.

आता ग्रुपवरच्या त्या ज्येष्ठ सदस्यांच्या बाजूचं एक खरं म्हणणं. हवेचा दाब वाढून आकाश निरभ्र झालं की तिथे काही दिवस ईशान्येचा वारा लागतो, विशेषतः वसंतात. तसा अंदाज असेल आणि तुमची राहायची ठिकाणं पक्की झालेली नसतील तर ओर्लेआंहून खाली जाणंच शहाणपणाचं. पण तेव्हाही दिशा वारा ठरवतोय, नदी नाही. ठिकाणं पक्की असतील आणि वारा समोरून निघालाच, तर सकाळी साडेसातला निघा आणि ११ पर्यंत दिवसाचं दोन तृतीयांश अंतर उरका. वारा दुपारी वाढतो आणि सूर्य कलल्यावरच पडतो. मे, जून किंवा सप्टेंबरच निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या वर गेला तर त्या बांधावर सावलीही नाही.