स्पेशल टीम्सचा प्रशिक्षक: ही वाट कुठवर जाते?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेतच वाढलेल्या आपल्या भाच्याला पदव्युत्तर शिक्षण घेता घेता विद्यापीठाच्या फुटबॉल संघात प्रशिक्षकांचा मदतनीस म्हणून काम मिळत आहे, परंतु ते आक्रमण किंवा बचावाकडे नसून स्पेशल टीम्सकडे आहे. पुढे पूर्णवेळ प्रशिक्षक व्हायचे असेल, तर त्याने ते स्वीकारावे की दुसऱ्या संधीची वाट पाहावी? मी तिथल्या एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात बरीच वर्षे प्रशिक्षकांचे करार आणि वेतन यांचे काम पाहिले, त्यामुळे ही माणसे मला मैदानापेक्षा कागदपत्रांतून अधिक कळली आहेत, हे लक्षात घेऊन माझे मत वाचावे. काम अवश्य घ्यावे, मात्र केवळ त्याच कामाचा माणूस म्हणून ओळख पक्की होऊ देऊ नये.

इतर वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा खेळाडू वेगळे असतात आणि ज्या ज्या प्रसंगी चेंडू लाथेने मारला जातो, त्या प्रसंगांसाठी तिसरेच संच उतरतात. किकऑफ (खेळ सुरू करणारी लाथ) मारणे आणि तो परतवणे, पंट (चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे दूरवर सोपवणारी लाथ) मारणे आणि तो परतवणे, फील्ड गोल (गोलखांबांमधून लाथेने केलेला गोल) मारणे आणि तो अडवणे, असे हे सहा संच होतात; त्यांनाच स्पेशल टीम्स म्हणतात. क्रिकेटमधल्या क्षेत्ररक्षण प्रशिक्षकाप्रमाणे या प्रशिक्षकाचाही सगळ्यांशी संबंध येतो, पण अधिकार फारसा कोणावर नसतो. किकर, पंटर आणि त्यांच्यासाठी चेंडू मागे फेकणारा लाँग स्नॅपर वगळले, तर त्याच्या संचांतला जवळजवळ प्रत्येक खेळाडू मुळात दुसऱ्या कोणत्या तरी प्रशिक्षकाचा असतो. लाइनबॅकरांच्या, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीच्या, प्रशिक्षकाकडे जाऊन ‘तुमचे तीन चांगले धावणारे मला पंटसाठी द्या’ असे सांगणे आणि ते खेळाडू दमले किंवा जायबंदी झाले, तर त्याचे बोलणे ऐकून घेणे हा या नोकरीचा नित्याचा भाग आहे.

वेळेचीही तीच गत आहे. हंगामात खेळाडूंकडून आठवड्याला २० तासांहून अधिक काम करून घेता येत नाही, असा एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेचा नियम आहे. त्यात आक्रमण आणि बचाव यांचा वाटा निघाल्यावर स्पेशल टीम्सच्या पदरात सरावातली काही मिनिटे पडतात. त्या मिनिटांत जे साधायचे ते मात्र फार काटेकोर असते: फील्ड गोलसाठी चेंडू मागे फेकल्यापासून लाथ बसेपर्यंत साधारण १.३ सेकंद आणि पंटसाठी साधारण दोन सेकंद. याहून उशीर झाला, तर प्रतिस्पर्ध्याचा हात चेंडूपर्यंत पोहोचू लागतो. म्हणूनच हा माणूस सरावात स्टॉपवॉच हातातून सोडत नाही.

महाविद्यालयीन पातळीवर या कामाला स्वतःचा असा एक पोत आहे आणि मला तो व्यावसायिक खेळापेक्षा अधिक रोचक वाटतो. एनएफएल या व्यावसायिक साखळीत पंटच्या वेळी लाथ बसण्यापूर्वी फक्त दोन्ही टोकांचे दोन खेळाडू पुढे धावू शकतात. महाविद्यालयांत असे बंधन नाही, चेंडू मागे फेकला जाताच सगळे धावू शकतात. त्यामुळे पंटरच्या पुढे तीन धिप्पाड खेळाडूंची ढाल उभी करून बाकीच्यांना मोकळे सोडण्याची रचना इथे रुजली. त्याच मोकळिकीत धावता धावता लाथ मारणारे, रग्बीच्या धाटणीचे पंटर उपयोगी ठरले आणि त्यांच्या शोधात प्रशिक्षक ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचले. मेलबर्नच्या ‘प्रोकिक ऑस्ट्रेलिया’ या प्रशिक्षण संस्थेतून आलेल्या मुलांनी सर्वोत्तम महाविद्यालयीन पंटरला मिळणारा रे गाय पुरस्कार वारंवार पटकावला आहे: यूटाच्या टॉम हॅकेटने २०१४ आणि २०१५ मध्ये, टेक्ससच्या मायकल डिक्सनने २०१७ मध्ये, केंटकीच्या मॅक्स डफीने २०१९ मध्ये. आयोवाच्या टोरी टेलरने २०२३ च्या हंगामात पंटची एकूण लांबी ४,४७९ यार्डांवर नेऊन राष्ट्रीय विक्रम केला. त्या वर्षी आयोवाचे आक्रमण देशातल्या सर्वांत दुबळ्या आक्रमणांपैकी एक होते, तरी संघाने दहा सामने जिंकले. भक्कम बचावाच्या जोडीला प्रतिस्पर्ध्याला सतत स्वतःच्या गोलरेषेजवळ कोंडून ठेवणारा पंटर असला, की असेही घडते. आपल्या भाच्याने हा हंगाम आवर्जून अभ्यासावा.

आता बढतीकडे वळतो. २०१८ पर्यंत वरच्या श्रेणीतल्या संघांना नऊच साहाय्यक प्रशिक्षक नेमता येत, त्यामुळे अनेक ठिकाणी स्पेशल टीम्स हे कोणा एकाचे जोडकाम असे किंवा ते चार जणांत वाटलेले असे. त्या वर्षी जानेवारीत दहाव्या जागेला परवानगी मिळाली आणि कित्येक संघांनी ती याच कामासाठी वापरली. त्याच वर्षी असाही नियम आला की, २५ यार्डांच्या रेषेच्या आत किकऑफ ‘फेअर कॅच’ने, म्हणजे धावणार नाही अशी खूण करून, झेलला, तर चेंडू थेट त्या २५ च्या रेषेवर मिळावा. दुखापती कमी करण्यासाठी हे योग्यच होते, पण जागा वाढली त्याच वर्षी कामाचा एक भाग आक्रसला, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. याच वर्षीचा तिसरा बदल मात्र या प्रशिक्षकाच्या पथ्यावर पडला: नवा खेळाडू चार सामन्यांपर्यंत खेळला, तरी खेळण्यासाठी मिळणाऱ्या ठरावीक वर्षांपैकी त्याचे एकही वर्ष खर्ची पडत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षाची वेगवान मुले किकऑफसाठी आजमावता येऊ लागली.

२०२४ च्या उन्हाळ्यात आणखी मोठा बदल झाला. विश्लेषक किंवा अन्य पदांवरच्या कर्मचाऱ्यांना पूर्वी मैदानावर शिकवता येत नसे, आता येते. विद्यापीठाबाहेर जाऊन भरती करण्याचा अधिकार मात्र मर्यादित प्रशिक्षकांकडेच राहिला आहे. याचा अर्थ, शिकवण्याचा अनुभव लवकर मिळेल, पण त्या दहांतली जागा मिळवण्यासाठी रांगही लांबली आहे. २०२५ पासून खेळाडूंना उत्पन्नाचा वाटा देण्याच्या नव्या व्यवस्थेत आलेल्या संघांना एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा लागू झाली, ज्यामुळे शिष्यवृत्तीविना येऊन किकऑफवर जीव तोडून धावणाऱ्या मुलांची संख्या घटते. शिवाय राखीव खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात सहज जाऊ शकतात. दोन-तीन वर्षे खपून तयार केलेला पंट संच एका हिवाळ्यात विखुरला जाणे हे आता नवलाचे राहिलेले नाही.

या वाटेने वर गेलेल्यांची उदाहरणे आहेत, पण ती नीट वाचली पाहिजेत. फ्रँक बीमर १९८७ ते २०१५ व्हर्जिनिया टेकचे मुख्य प्रशिक्षक होते आणि स्पेशल टीम्सकडे ते स्वतः लक्ष देत. अडवलेल्या पंटांसाठी त्यांचा संघ इतका ओळखला जाऊ लागला की त्या शैलीलाच ‘बीमरबॉल’ म्हणू लागले. मात्र ते मुख्य प्रशिक्षक झाल्यावर या कामाला प्रतिष्ठा आली, या कामामुळे ते मुख्य प्रशिक्षक झाले असे नव्हे. जॉन हार्बॉ यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. सिनसिनाटी आणि इंडियाना या विद्यापीठांत स्पेशल टीम्स सांभाळून ते १९९८ मध्ये एनएफएलच्या फिलाडेल्फिया ईगल्समध्ये त्याच कामावर गेले, २००८ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१२ च्या हंगामाअखेर त्यांनी सुपर बोल हा साखळीचा अंतिम सामना जिंकला. परंतु २००७ हे एक वर्ष त्यांनी ईगल्सच्या बचावातल्या मागच्या फळीला शिकवण्यात घालवले, हा तपशील लोक विसरतात. माझ्या मते तोच निर्णायक होता. फ्रँक यांचे चिरंजीव शेन बीमर यांनीही जॉर्जियात स्पेशल टीम्ससोबत टाइट एंड हा आक्रमणातला गट सांभाळला आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये साउथ कॅरोलायनाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. विद्यापीठाचे अध्यक्ष आणि देणगीदार आजही मुख्यतः आक्रमणाची किंवा बचावाची सूत्रे हलवणाऱ्यालाच पसंती देतात. वास्तविक संपूर्ण चमूशी रोज काम करणारा साहाय्यक हाच एक असतो, त्यामुळे ही पसंती मला अर्धवट विचाराची वाटते, पण ती आहे.

जोखमीबद्दलही बोलले पाहिजे. हे काम सुरळीत चालले की कोणाला दिसत नाही, आणि बिघडले की देशभर दिसते. २०१३ मध्ये अलाबामाने शेवटच्या सेकंदाला ५७ यार्डांवरून फील्ड गोलचा प्रयत्न केला, तो तोकडा पडला आणि ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने गोलखांबांखाली चेंडू झेलून थेट दुसऱ्या टोकापर्यंत धाव घेत सामना ३४-२८ असा फिरवला. अलाबामाच्या त्या संचात अवजड देहाचे अडवणारे होते, त्यांना तो हाती लागणे शक्यच नव्हते. २०१५ मध्ये मिशिगनच्या पंटरच्या हातून शेवटच्या क्षणी चेंडू निसटला आणि मिशिगन स्टेटने सामना नेला. साहाय्यकांचे करार बहुधा अल्प मुदतीचे असतात आणि मुख्य प्रशिक्षक गेला की सगळ्यांनाच घरे हलवावी लागतात. त्या धामधुमीत ज्याच्याकडे दुसरी एखादी फळी शिकवण्याचा अनुभव असतो, त्याला जागा लवकर मिळते, हे मी कागदांवर पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

तेव्हा भाच्याने होकार देताना एक गोष्ट मागून घ्यावी: स्पेशल टीम्सबरोबर टाइट एंड, लाइनबॅकर किंवा अशाच एखाद्या गटाच्या बैठकीत बसण्याची आणि वसंतातल्या पंधरा सरावांत त्या गटासोबत उभे राहण्याची मुभा. भेटीला जाण्याआधी त्याने त्या संघाच्या गेल्या हंगामातल्या सगळ्या पंटची चित्रफीत पाहून, कोणत्या क्रमांकाचे खेळाडू धावत आहेत ते लिहून काढावे आणि मुख्य अकरांच्या यादीशी ताडून पाहावे. त्यात बचावाचे नेहमीचे दोन-चार खेळाडू आढळले, तर तिथला मुख्य प्रशिक्षक या कामाला किंमत देतो असे खुशाल समजावे. एकही आढळला नाही, तर तसे का, हे प्रत्यक्ष भेटीत विचारण्यास त्याने संकोच करू नये.