मिस्त्रींना विचारा : गोठ्यातलं सहा प्लगांचं इंजिन

प्रश्न : फलटणजवळ आमच्या गावी गोठ्यात एक जुनं पेट्रोल इंजिन पडून आहे. आजोबांनी ते पुण्याच्या जुन्या बाजारातून आणून त्यावर पिठाची गिरणी चालवली. रेडिएटर नव्हता, विहिरीच्या पाण्याचा हौद जोडलेला होता. हेड सपाट, एका ओळीत सहा प्लग, त्यातले दोन गायब. पाटी नाही. हेड शिंप्याच्या टेपने २३ इंच भरलं. पुली हाताने अर्धा फेरा फिरते आणि दर वेळी एकाच जागी अडते. चुलते म्हणतात शेवरलेचं, गावातले फिटर म्हणतात फोर्डचं, भंगारवाला वजनावर मागतोय. नक्की कुणाचं आणि चालू होईल का?

उत्तर : आधी चुलत्यांचा निकाल लावू. शेवरलेच्या त्या काळच्या सहा सिलिंडरला व्हॉल्व्ह वर असायचे, म्हणून हेडवर पत्र्याचं लांब झाकण दिसायचं. तुमच्याकडे व्हॉल्व्ह ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडरांच्या ओतीव ठोकळ्याच्या, कुशीत आहेत, हेड म्हणजे नुसतं झाकण. फिटरसाहेबांच्या डोक्यात फोर्डचं व्ही-आठ असणार. सपाट हेडचं तेही, पण त्याला दोन हेडं, दोन ओळी. हडसन आणि स्टुडबेकरनेही अशी सहा सिलिंडरची इंजिनं काढली, तरी माझा कौल क्रायस्लरच्या घराण्याला. कारण तुमचे २३ इंच. अमेरिकेत बनलेल्या डॉज-प्लिमथचं हेड २३ इंची, डिसोटो आणि क्रायस्लरचं २५. कॅनडात बनलेलं असेल तर डॉज-प्लिमथही २५. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने कुर्ल्यात या घराण्याच्या गाड्या जोडल्या, तेव्हा आपल्याकडे हे इंजिन सापडलं तर नवल नाही.

खात्री करायची तर फ्लायव्हीलपाशी, म्हणजे मागच्या जड चाकापाशी, उभे राहून पुढे बघा. मॅनिफोल्ड (हवा-धुराच्या ओतीव नळ्या) डाव्या अंगाला आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटणारा डबा) उजव्या अंगाला हवा. मग डावीकडे पुढच्या टोकाला, हेडच्या लगेच खाली, डायनॅमोच्या वरच्या बाजूला ब्लॉकवर एक सपाट जागा दिसेल. वायर ब्रश मारू नका. रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि खडू घासा, अक्षरं पांढरी उठतील. इंग्रजी पी म्हणजे प्लिमथ, डी म्हणजे डॉज, टी म्हणजे ट्रक. टी २१४ निघालं तर हे पाऊण टनी लष्करी डॉजचं इंजिन, ज्याला आपल्याकडे वेपन कॅरिअर म्हणतात. महायुद्धानंतर असा माल डिस्पोझलमध्ये, म्हणजे लष्कराच्या उरलेल्या सामानाच्या विक्रीत, विकला गेला.

आता माझी फजिती. उमेदवारीत असताना एका डॉजचं हेड उतरवून मी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला, सव्वातीन इंचांच्या वर भरला, आणि गिऱ्हाइकाला ऐटीत सांगितलं, मोठं इंजिन आहे, २३० घनइंचांचं. वस्ताद काही बोलले नाहीत. हेड परत बसल्यावर त्यांनी सहाव्या सिलिंडरवरचा छोटा आट्यांचा बूच काढला, त्यातून सायकलचा स्पोक पिस्टनवर टेकवला आणि मला क्रँक फिरवायला लावलं. स्पोक वर-खाली झाला ४ पूर्णांक ३/८ इंच. म्हणजे लहान इंजिन, २१८ घनइंचांचं. बोअर कुणीतरी आधीच ६० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मारून मोठा करून ठेवला होता. मुळात दोन्ही इंजिनांचा बोअर सव्वातीनच, फरक सगळा स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावेत. २३०चा स्ट्रोक ४ पूर्णांक ५/८ असतो. तो बूच तुमच्याकडेही फ्लायव्हीलकडच्या टोकाला असेल. फेरा पूर्ण व्हायला लागला की मोजून घ्या.

पण फेरा अडतोय, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. सगळीकडून गंजलं असतं तर पुली हललीच नसती. व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल असं कुणी सांगेल, पण या जातीत व्हॉल्व्ह पिस्टनच्या वर नसतो, बाजूला असतो. पिस्टन त्याला धडकत नाही. एकाच जागी ठेच लागतेय म्हणजे प्लगच्या उघड्या भोकातून आत काहीतरी पडलंय, नट नाहीतर खडा, किंवा त्या दोन सिलिंडरांत पाणी जाऊन गंजाची कड धरली आहे. लांब पाइप लावून जोर करू नका, पिस्टन फुटेल. सहाही भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं ओता, आठवडाभर राहू द्या, मग हेड उतरवा. बोल्ट कुरकुरला तर गरम करा, तोडू नका.

हेड निघाल्यावर पहिली नजर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर. तिथून बोअरकडे तडा जातो, तो या इंजिनांचा जुना रोग. जागेवर रॉकेल चोळा, कोरडं पुसा, खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तर ओली रेघ उमटते. गंजाचे खड्डे असले तर लायनर (आत बसवायची नवी नळी) टाकता येतो, त्याची भीती नको. बोअरच्या भिंतीत खोल उतरलेला तडा मात्र मला नको.

दुसरी नजर पाण्याच्या वाटेवर. वॉटर पंप काढलात की मागे ब्लॉकमध्ये एक लांब चपटी नळी असते, ती प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थंड पाणी पोचवते. हौदाच्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात ती चाळण झालेली असणार, आणि सहाव्या सिलिंडरभोवती विहिरीचा गाळ घट्ट बसलेला. बाजूचे वेल्श प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकांवरचे पत्र्याचे बूच, काढून तारेने खरवडा. नळी तुकड्यातुकड्याने निघते, शिव्या देत काढावी लागते.

भंगारवाल्याला आत्ता देऊ नका. ब्लॉक गेला तरी क्रँक, हेड आणि मॅनिफोल्ड जुन्या डॉजवाल्यांना हवे असतात.

प्रश्न : माझ्या जुन्या डॉजला आताचं इथेनॉलवालं पेट्रोल चालेल का? (बेळगावहून)

उत्तर : इंजिनाला चालेल, कॉम्प्रेशन कमी आहे. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा जुना रबरी पडदा आणि रबरी पाइप मात्र मऊ पडतात. दोन्ही बदला आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.