सुवर्ण महोत्सवाच्या यादीतली पहिली ओळ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

मंडळाची सचिव म्हणून तू पाठवलेली यादी वाचली. मंडप, डेकोरेशन, ढोलताशा पथक, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे, स्मरणिका, महाप्रसाद, फटाके. मंडळ भजनाचं, पन्नास वर्षं होताहेत ती भजनाला, आणि यादीत भजन नाही! तुला बोल लावत नाही. सुवर्ण महोत्सव म्हटला की असाच करायचा, असं आता गावोगावी ठरूनच गेलंय. जुन्या मंडळींनी ‘आता तुम्ही पोट्टेच पाहा बाप्पा’ म्हणून अंग काढून घेतलं आणि तू इकडंतिकडं पाहिलंस ते लिहून काढलंस. फोनवर सांगितलं तर तू ‘हो आबाजी, हो आबाजी’ करून मोकळी होशील, म्हणून बैजवार लिहितो.

यादी फाडू नको. फक्त तिच्या डोक्यावर एक ओळ घाल: चाली उतरवून घेणे.

भजनाचे शब्द कुठं पळून जात नाहीत. गाथा विकत मिळते, तुकडोजी महाराजांची भजनं छापलेली आहेत, उरलेलं मोबाइलवर सापडतं. चाल मात्र छापलेली नसते. कार्तिकातल्या काकड्याला तुमच्याकडे जे पहिलं पद म्हणतात, तेच आमच्याकडेही म्हणतात, पण उठाव वेगळा. तुमचे लोक दुसऱ्या ओळीला एकदम वर जातात, आम्ही तिथं खालीच घोळत राहतो. हा फरक कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही. तुमच्या गावातल्या चार-सहा म्हाताऱ्यांच्या गळ्यात तो आहे, आणि त्यातले दोघं तर आता देवळाच्या पायऱ्याही चढत नाहीत.

आणखी एक हिशेब कर. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. म्हणजे त्यांचं खंजेरीवरचं भजन समोर बसून ऐकलेला आणि आठवत असलेला माणूस आज पासष्टीच्या आतला सापडायचा नाही. तुमचं मंडळ ज्यांनी उभं केलं त्यातल्या बऱ्याच जणांनी पोरवयात ते ऐकलं होतं. महाराज ओळ कुठं तोडत, खंजेरीवर थाप कुठं मारून थांबत, हे ते हात करून दाखवतात. शालीची घडी त्यांच्या ट्रंकेत तशीच पडून राहील. आधी त्यांचा आवाज घे.

कसा घ्यायचा ते सांगतो. एका वेळी एकच माणूस, त्याच्याच घरी, दुपारचं जेवण होऊन डोळा लागून गेल्यावर. मंदिरात चारचौघांत बसवलंस तर एक म्हणेल, दुसरा ‘तसं नाही, असं होतं’ म्हणेल, आणि भांडणच रेकॉर्ड होईल. मोबाइल फ्लाइट मोडवर टाक, नाहीतर मधेच कुणाचा तरी फोन येतो. तो टेबलावर ठेवू नको, टाळाचा ठोका लाकडातून जाऊन धाडधाड ऐकू येतो. चार पदरी सतरंजीवर ठेव. पंखा बंद कर, उकडलं तरी. आधी त्यांच्याच तोंडून वदवून घे: नाव, ही चाल कुणाकडून शिकले, कोणत्या वेळेला म्हणतात. मग एकदा सावकाश, नुसता टाळ धरून. मग पुन्हा जशी मंडळात म्हणतात तशी, ठेक्यासकट.

पेटी, म्हणजे हार्मोनियम, सोबत नेऊ नको. हे तुला पटणार नाही, पेटी तू छान वाजवतेस. पण पेटीची पट्टी ठरलेली असते, तिच्यात दोन स्वरांच्या मधली जागा नाही. म्हातारा माणूस एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, ती घसरणच चाल असते. पेटी लावली की तो बिचारा पेटीच्या मागं मागं जायला लागतो आणि चाल सपाट होते. त्यांना हवी ती पट्टी धरू दे. आवाज चिरकला, दात नसल्यानं शब्द निसटला, तर थांबवू नको आणि हसू तर मुळीच नको. पदाचं कडवं विसरले तर पुस्तकातून वाचून दाखव, त्यांना शब्दच हवा असतो.

घरी आल्यावर त्याच दिवशी फाइलला नाव दे. ‘ऑडिओ ००४७’ अशी नावं ठेवलीस तर वर्षभरानं तुलाच कळणार नाही. तीन जणांच्या फोनमध्ये आणि एका पेनड्राइव्हमध्ये ठेव. पेनड्राइव्ह मंडळाच्या पेटाऱ्यात, टाळांच्या पिशवीबरोबर. आणि हो, आजीबाईंकडे गेलीस तर भजनावरच थांबू नको. भुलाबाईची गाणी विचार. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर म्हणायची पद्धत होती, आता पोरी खिरापतीसाठी तेवढ्या जमतात. मंडळाचा त्याच्याशी संबंध नाही, पण गेलीच आहेस तर घेऊन ये.

आता समारंभाकडं वळू.

साल नक्की करून घे. तुमच्याकडे एक गट १९७५ म्हणतो, दुसरा १९७७, आणि दोन्हीकडचे शपथा घेतात. वाद घालत बसू नको; मंदिराच्या माळ्यावरची भांडी काढ. परात, गंज, समई, कोपर, सगळं चिंचेनं घासून काढ आणि काठावर पाहा. आपल्याकडे कुणाच्या स्मरणार्थ भांडं दिलं की त्यावर नाव आणि तारीख कोरून घेतात. मंडळाला दिलेलं पहिलं भांडं सापडलं की वाद मिटला. जुन्या पेटीच्या झाकणाच्या आत, भात्याच्या बाजूलाही कुणीतरी खिळ्यानं काहीतरी लिहून ठेवलेलं असतं, तेही बघ.

तारीख ३० एप्रिल धरायची, असं तू म्हणतेस. महाराजांचा जन्म १९०९ सालचा, यावलीचा, आणि त्या दिवशी ग्रामजयंती, म्हणून भावना समजते. पण त्या दिवशी प्रत्येक गावाचा स्वतःचा कार्यक्रम असतो, पाहुणी मंडळं तुमच्याकडे कशाला येतील? शिवाय ऊन. दुपारी मंडपाखाली माणूस बसू शकत नाही, पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, कडक होऊन सूर वर पळतो. दिवाळीच्या आगंमागं ठेवशील तर सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा वेचा, टाळ धरायला हातच मोकळे नाहीत. मला विचारशील तर जानेवारीचा शेवट. कापूस बऱ्यापैकी घरात आलेला असतो, तूर निघालेली असते, गहू अजून शेतात उभा असतो, आणि बारावीच्या परीक्षांना थोडा अवकाश असतो. रात्री थंडी असते, पण थंडीत भजन रंगतं. खंजेरीचं कातडं मात्र दवानं ढिलं पडतं. शेकोटी ठेवा आणि दोन पोरं नुसती खंजेऱ्या शेकायला बसवा. लांबून, हातभर अंतरावरून, फिरवत फिरवत. घाईनं जाळावर धरली की तडकते.

खंजेरी भजन स्पर्धा ठेवायची असं कुणीतरी सुचवलंय. मी त्याच्या विरोधात आहे. स्पर्धेत वेळ नेमून दिलेला असतो, परीक्षक बाहेरचे असतात, मग जो तो पहिल्याच मिनिटाला वरच्या पट्टीत ओरडून टाळी घ्यायला बघतो. सगळ्यांची भजनं एकसारखी वाटायला लागतात, निम्मी सिनेमाच्या चालीवर. सिनेमाची चाल घेणं पाप आहे असं मी म्हणत नाही. चालीची उसनवारी प्रत्येक काळात झालीय. पण मग तुमच्याच चाली म्हणायच्या कधी? आणि निकालानंतरची तोंडं पाहिलीस का कधी? दुसऱ्या नंबरचं मंडळ जेवल्याशिवाय टेम्पोत बसतं. त्यापेक्षा आजूबाजूच्या पाच-सात गावांची मंडळं बोलाव, बक्षीस नाही, नंबर नाही. प्रत्येकानं आपल्या गावची एक जुनी चाल म्हणायची, एवढी एकच अट. भाड्याचे पैसे आणि जेवण तुमच्याकडून.

बायांच्या मंडळाला रात्री शेवटी बसवू नका. दरवेळी हेच होतं. आधी भाषणं, मग पुरुष, मग ‘आता महिला मंडळ दोन भजनं सादर करतील’, तोवर लोक चपला शोधत असतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमाप्रमाणे रात्री दहानंतर भोंगा लावता येत नाही, म्हणजे शेवटी बसणाऱ्यांचा माइकच बंद. त्यांना सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर लगेच बसव. आणि पेटीवाल्याला आधीच बजावून ठेव की पट्टी बाया सांगतील ती. पुरुषांची पट्टी तशीच ठेवून बायांना गायला लावलं की खालचे सूर गळ्यातच राहतात, वरचे किंचाळल्यासारखे येतात, आणि मग लोक म्हणतात बायांना जमत नाही. ही गोष्ट तू स्वतः पेटीवर बसलीस तर होणारच नाही. सचिवानं पेटीवर बसू नये असा काही नियम नाही.

माइकबद्दल दोन शब्द. साउंडवाल्याला इको बंद करायला सांग, तो ‘काहून जी, चांगला वाटते’ म्हणेल, ऐकू नको. टाळांना माइक द्यायचा नाही. टाळ तसाच शिवेपर्यंत ऐकू जातो. एक माइक म्हणणाऱ्याला, एक झेल घेणाऱ्यांच्या, म्हणजे मागून ओळ उचलणाऱ्यांच्या, मधोमध, पखवाजाला एक खालून. पोलीस स्टेशनला परवानगीचा अर्ज आठवडाभर आधी दे आणि पोच घेऊन ठेव.

पैशाचं. वर्गणीची पावती पुस्तकं मोजून द्या आणि मोजून परत घ्या. गावजेवणाला वांगी, तांदूळ, तूरडाळ लोक घरची देतात, तीही वहीत लिहा. ज्यानं पायलीभर डाळ दिली त्याचंही नाव वाचलं गेलं पाहिजे. सरकारचंही लक्ष आता भजनी मंडळांकडं गेलंय: २०२५ च्या गणेशोत्सवात राज्यातल्या १,८०० भजनी मंडळांना साहित्य घ्यायला प्रत्येकी २५ हजार रुपये जाहीर झाले होते. पुन्हा असं काही निघालं तर कागद तयार पाहिजेत, म्हणून ठरावाची वही आणि बँकेचं खातं आताच नीट करून घे. शेगावच्या संस्थानाकडूनही गावच्या मंडळांना टाळ-मृदंगाचं साहित्य मिळतं, तिथं चौकशी करायला हरकत नाही. पुढारी पैसे देतो म्हणाला तर घ्या, पावती द्या, वहीत लिहा. बॅनरवर फोटो नाही, हे मात्र पैसे घेण्याआधी सांग. नंतर सांगशील तर तोंड कडू होईल. बॅनरवर पहिल्या टाळकऱ्यांची नावं घाला. जातीनं कुठल्याही आळीतला असो, ज्यानं पहिल्या वर्षी टाळ धरला त्याचं नाव आलंच पाहिजे. एक जरी आळी सुटली तरी त्याचा बोभाटा पुढची दहा वर्षं ऐकावा लागेल, आणि ते बरोबरच होईल.

सत्कार करायचेच असतील तर सगळे मिळून अर्ध्या तासात उरका. नावं वाचा, उभं करा, हार घाला. प्रत्येकाला मनोगत देऊ नका. प्रास्ताविक तूच कर, पाच मिनिटांचं. भजन म्हणजे म्हाताऱ्यांचा वेळ घालवायचा धंदा असं ज्यांना वाटतं, त्यांना १९४२ सांग. ‘छोडो भारत’ आंदोलनात, ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टी पेटलं तेव्हा इंग्रज सरकारनं महाराजांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं होतं. हातात शस्त्र म्हणावं तर खंजेरी. एवढं सांग आणि बस. पुढचं भजनाला बोलू दे.

स्मरणिका काढायची तर फोटोंची आणि शुभेच्छांची काढू नका, कुणी उघडत नाही. मंडळाच्या जुन्या वहीतली पदं छापा, आणि प्रत्येक पदाखाली एक ओळ: ही चाल अमक्याकडून आली, अमक्या प्रसंगाला म्हणतात. शाळेतल्या पोरांना दोन-दोन चाली वाटून दे, ते रेकॉर्डिंग ऐकून शिकतील. महोत्सवाच्या दिवशी पोरांनी म्हणायचं आणि ज्याची चाल आहे त्या आजोबांनी शेजारी टाळ धरून बसायचं. चुकेल, लय पळेल, आजोबा भर मंडपात टोकतील. टोकू दे.

पखवाजाची डावी बाजू बोलत नाही असं लिहिलंस. कणीक नीट तिंबून लावता का? पातळ लावली की धूम निघत नाही. तरी नाही जमलं तर वाद्या ओढून पाहा, आणि पुडीच गेली असेल तर आताच टाका दुरुस्तीला. सप्ताहांचे दिवस आले की कारागीर महिना महिना हात लागू देत नाही.

पहिल्या दोन म्हाताऱ्यांकडं जाशील तेव्हा मला कळव. मी येतो सोबत, दोघंही माझ्याशी जुन्या ओळखीनं बोलतील. त्यांतले एक उजव्या कानानं ऐकत नाहीत, डाव्या बाजूला बस.

तुझे,
आबाजी

ता. क. — फटाक्यांचे पैसे यादीतून काढ आणि त्यात दोन नव्या सतरंज्या घे. जुन्यांना भोकं पडलीत, गेल्या काकड्याला मी पाहिलं.