तीनदा मोजलं, तीन आकडे आले, मग खरं बीपी कुठलं?

आईंचं लागोपाठ तीनदा मोजलंत, 152, 145, 139 आलं आणि आता मशीन परत करून मनगटाचं स्वस्तातलं घ्यायच्या बेतात आहात, तर जरा थांबा. मशीन बिघडलेलं असेलच असं नाही. बीपी असंही मिनिटामिनिटाला बदलतं आणि पहिला आकडा बहुतेक वेळा जास्तच येतो. आमच्याकडे सहा वर्षं हे चाललंय सासूबाईंचं, म्हणून सांगते.

पहिलं म्हणजे शिंप्याची टेप घ्या आणि दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. बऱ्याच मशीनसोबत येणारा पट्टा 22 ते 32 सेंमीचा असतो. सासूबाईंचा दंड निघाला 35, आणि आम्ही वर्षभर तोच पट्टा ओढूनताणून लावत होतो, वर ब्लाउजची घट्ट बाही गुंडाळून! पट्टा लहान पडला की आकडा फुगून येतो. मोठा पट्टा (22 ते 42 चा मिळतो) आणला आणि त्याच मशीनवर 158 चे 140 च्या आसपास आले, गोळी तीच. वर्षभर उगाच मीठ काढून घेतलं म्हणून अजून ऐकवतात मला. (मीठ कमी केलं ते बरंच झालं, पण ते त्यांना कोण सांगणार.)

मनगटाचं नकोच. हात हृदयाच्या पातळीला नसेल तर आकडा बदलतो आणि मनगट नेमकं कुठे धरलंय यावर सगळा खेळ. दंडाला पट्टा बसतच नसेल तरच, तेही डॉक्टरांना विचारून. दंडाचं घेताना ब्लूटूथ, बोलणारं मशीन वगैरेला पैसे घालू नका, मॉडेल अचूकतेच्या चाचणीत पास झालंय का ते बघा. पास झालेल्या मॉडेलांच्या स्ट्राइड बीपी आणि व्हॅलिडेट बीपी अशा दोन याद्या नेटवर फुकट आहेत. मॉडेल नंबर टाकून बघायचं, नुसता ब्रँड नाही, कारण एकाच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं आणि दुसरं नसतं.

आता बसायचं कसं, खरी गोची इथे आहे. आपल्या बायका दिवाणावर मांडी घालून, पाठ टेकायला काही नाही, हात मांडीवर, समोर सिरियल आणि तोंडाने "अगं तो कुकर बंद कर", असं बीपी मोजतात. हे मशीन डॉक्टरांसारखं ठोके ऐकत नाही, पट्ट्यातल्या हवेत ठोक्यागणिक जी थरथर होते ती पकडून हिशोबाने आकडे काढतं, त्यामुळे हात हलला की गडबडतं, आणि बोलण्याने तर बीपीच वर जातं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला, उघड्या दंडावर, आणि पाच मिनिटं गप्प. लघवीला जाऊन यायचं आधी, तुंबलेली असली तरी आकडा वर जातो. चहा, तंबाखू अर्धा तास आधी नको.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजा, जो हात जास्त दाखवेल तोच पुढे कायम धरायचा. मग सात दिवस, सकाळी चहा आणि गोळीच्या आधी दोनदा, रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती 135/85 किंवा वर असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, दवाखान्यात 140/90 ची जी रेघ असते ती घरी 135/85 धरतात. एका आकड्यावरून स्वतःच्या मनाने गोळी वाढवणं, सोडणं अजिबात नको. मात्र 180/120 च्या वर गेलं तर पाच मिनिटांनी परत मोजा, आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, हात किंवा पाय लुळा पडणं असं काही असेल तर परत मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल. ठोके अनियमित असतील तर या मशीनचा आकडा फसवा असू शकतो, ते वारंवार दिसलं तर आधी डॉक्टरांना सांगा.

वर्षातून एकदा मशीन पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यायचं, त्यांच्याबरोबर पडताळून घ्यायचं. आणि आकडे लगेच लिहा. सासूबाईंना वही चालत नाही, त्या कालनिर्णयवरच लिहितात. मागच्या खेपेला डॉक्टरांनी अख्खं पान वाचलं, 132/80, 136/82, दूध नाही, 138/84, गॅस लावला, आणि एका मंगळवारी 154 च्या पुढे कंसात "नणंद आली".